सत्ता बदलल्या, लोकांचे कागद कोठें आहेत?

ग्रीसचें ऱ्होड्स बेट पाहा. ख्रिस्तपूर्व ४०८ च्या सुमारास तेथील तीन जुन्या नगरांनीं मिळून एक नवें शहर वसविलें. पुढें रोमचा व नंतर बायझंटाइन बादशहांचा अंमल आला; १५२२ सालीं तुर्कांनीं तें ख्रिस्ती धर्मवीरांकडून घेतलें, १९१२ सालीं इटलीनें बळकाविलें आणि १९४७ च्या तहानें तें ग्रीसला मिळालें. इतकीं निशाणें बदललीं, पण बेटावरील ग्रीक भाषा टिकली.

चंदगडकरांस ही कथा परकी वाटूं नये. या मुलुखानें आदिलशाही, मराठेशाही व इंग्रजी असे अंमल पाहिले. पारगडावर शिवाजीमहाराजांनीं तानाजीचा पुत्र रायबा यास किल्लेदार नेमिलें, अशी परंपरा आहे. १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेच्या कायद्यानें बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला. चंदगड तालुका तेवढा वगळला जाऊन कोल्हापुरास जोडला गेला. कायद्यांतील दोन शब्दांच्या अपवादानें कालपर्यंत एका जिल्ह्याचे असलेले सोयरे दोन राज्यांचे रहिवासी झाले!

राज्यकर्त्यांच्या या याद्या पाठ करून लोकांचा इतिहास कळत नाहीं. कोणत्या सालीं भाताचा भाव काय होता, घाटांत जकात किती पडे, दुष्काळांत कोणी कोणास धान्य दिलें, हें बखरींत नसतें. तें व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत व घरोघरच्या मोडी कागदांत असतें. आम्हां लोकांस पूर्वजांचा अभिमान मोठा. पूर्वजांचे कागद मात्र माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन!

कोणी म्हणेल, जुन्या चोपड्यांचें मोल तें काय? आमचें उत्तर असें कीं, कागदावांचून दावा चालत नाहीं, हें प्रत्येक सावकार जाणतो. सीमेचा वाद २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत नेला; तेथें अभिमान नव्हे, पुरावा विचारला जातो. इतिहासाचार्य राजवाडे असलींच दप्तरें शोधीत गांवोगांव हिंडले, आणि त्याच कार्यासाठीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्यांचे घरीं जुनें दप्तर असेल त्यांनीं तें झाडून कोरड्या जागीं ठेवावें, जाणत्याकडून वाचवून त्याची नक्कल करवावी आणि घरांतील एका तरी मुलास व मुलीस मोडी शिकवावी. यास सरकारची मंजुरी लागत नाहीं. राज्यकर्त्यांनीं आपला इतिहास आपल्या भाटांकडून लिहवून घेतला; आपला आपणच जपला पाहिजे.