आगगाडी हवी, पण कोणती?

वाशीम जिल्ह्यांतील केनवड हें गांव मालेगांवाहून मेहकराकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. ह्याच टापूंतून समृद्धि महामार्ग गेला असून २०२२ च्या डिसेंबरांत त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग वाहतुकीस खुला झाला. ह्या महामार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. आमच्या सामान्य शेतकऱ्यापाशीं वाहन असलेंच तर तें दुचाकीच असावयाचें. तेव्हां आपल्या शिवाराजवळून धांवणारी ही समृद्धि त्यानें लांबूनच पाहावी, अशी व्यवस्था झाली आहे. आगगाडी तर केनवडास नाहींच. ती गांठावयाची म्हणजे एस. टी. नें वाशीम गांठावें, आणि तेथें जी गाडी मिळेल तिची वाट पाहावी.

आगगाडीची मागणी आमच्या भागांत नवी नाहीं. सभा भरतात, ठराव होतात, निवेदनें धाडलीं जातात. पण त्यांत मागितलेलें असतें काय? मुंबईस थेट गाडी द्या, पुण्याची गाडी रोज करा, अमकी एक्सप्रेस आमच्या स्टेशनावर दोन मिनिटें थांबवा. ह्या मागण्या गैर आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. व्यापाऱ्यास महिन्यांतून एकदां मुंबईस जावें लागतें, आणि त्याची सोय व्हावी हें रास्तच आहे. परंतु ज्या मुलीस रोज सकाळीं कॉलेजांत जाऊन सायंकाळीं दिवेलागणीच्या आंत घरीं यावयाचें आहे, ज्या म्हाताऱ्यास अकोल्याच्या सरकारी दवाखान्यांत दाखवून त्याच दिवशीं परतावयाचें आहे, त्यांच्यासाठीं सभेंत कोण उठून बोलतो? एक्सप्रेस थांबली तरी ह्यांच्या कामाची वेळ ती साधीलच असें नाहीं. आणि वाटेंतल्या लहान स्टेशनांवर तर ती थांबावयाचीच नाहीं.

लहान गांवांस लहान गाडी हवी. एंजिन निराळें आणि त्यामागें डबे अशी जी गाडी आपल्या परिचयाची आहे, तिच्याहून ही गाडी वेगळी असते. डब्याच्या पोटांतच डिझेलचें यंत्र, आणि दोन्ही टोकांस चालकाची जागा. शेवटच्या स्टेशनावर एंजिन सोडवून, फिरवून, दुसऱ्या टोकास जोडण्याचा खटाटोप नाहीं; चालक ह्या टोकाकडून त्या टोकास गेला कीं गाडी परतीस सिद्ध. वजन कमी असल्यानें इंधन कमी लागतें, रुळांची झीज कमी होते, आणि दर चार-पांच मैलांवर थांबूनही ती लवकर वेग घेते. उतारू वाढले तर आणखी एक डबा जोडतां येतो. इंग्रजींत हिला रेलकार म्हणतात.

ह्या गाडीच्या अभावीं काय होतें तें पाहण्यास वऱ्हाडाबाहेर जावयास नको. मूर्तिजापुराहून एका बाजूस यवतमाळ व दुसऱ्या बाजूस अचलपूर अशी अदमासें १९० किलोमीटरांची अरुंद रेल्वे, जिला लोक प्रेमानें शकुंतला म्हणतात, ती मूळ कापसासाठीं बांधलेली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी तिची मालक आणि किलिक निक्सन ही पेढी तिची व्यवस्थापक. १९२१ सालीं मँचेस्टरांत घडविलेलें वाफेचें एंजिन तिनें १९९४ पर्यंत वापरलें. (ही रेल्वे अजून विलायतेच्या मालकीची आहे, ही कथा आमचे लोक मोठ्या चवीनें सांगतात, पण ती धांवत कां नाहीं हें विचारण्याची चव मात्र कोणास नाहीं.) १९९४ मध्यें वाफ जाऊन डिझेल आलें, परंतु पालट झाला तो एंजिनाचा, चाल तीच राहिली. रुळ जुने, वेग मंद, आणि यवतमाळपर्यंतचे ११३ किलोमीटर जाण्यांत अर्धा दिवस खर्च. अशी गाडी ज्यास वेळेचें मोल नाहीं त्यानेंच वापरावी. उतारू घटले, म्हणून खर्च निघेना. खर्च निघेना, म्हणून डागडुजी होईना. शेवटीं दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद पडल्या. २०१६ सालीं रेल्वेमंत्री सुरेश प्रभु यांनीं ह्या मार्गाच्या रुंदीकरणाची घोषणा केली. अद्याप तेथें रुंद रुळांवरून गाडी धांवलेली नाहीं.

आतां ह्याच्याशीं आयर्लंडांतील डोनेगॉल परगण्याची तुलना करा. तोही गरीब शेतकऱ्यांचा मुलूख, तेथील रेल्वेही अरुंद, आणि मोटार-बसची चढाओढ तेथेंही आलेली. तेथील व्यवस्थापक हेन्री फोर्ब्स यांनीं १९३१ पासून डिझेलच्या रेलकार आणल्या, आणि ठरलेल्या स्टेशनांखेरीज फाटकांपाशींही उतारू घेण्याची सोय केली. त्या बळावर ती रेल्वे १९५९ अखेरपर्यंत उतारूंची वाहतूक करीत राहिली. जर्मनींत महायुद्धानंतर, १९५० पासून, तोट्यांतल्या शाखांवर अशाच हलक्या रेल्वे-बस मोठ्या संख्येनें घालण्यांत आल्या.

कोणी म्हणेल, हा प्रयोग हिंदुस्थानांत झाला व फसला. मथुरा–वृंदावन आणि शिमोगा–तालगुप्पा येथें रेल्वे-बस धांवल्या हें खरें. परंतु एकच डबा, मोजक्या फेऱ्या, आणि तो डबा बिघडला कीं त्याच्या जागीं दुसरा नाहीं, अशा रीतीनें चालविलेल्या गोष्टीस प्रयोग म्हणावयास आम्ही तयार नाहीं. ती नवलाई होती. दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे: महाराष्ट्रांतील बहुतेक रुंद मार्गांवर आतां विजेच्या तारा आल्या आहेत, मग डिझेल कशास? त्यास आमचें उत्तर सरळ आहे. तारा आहेत तेथें यंत्र विजेचें असावें, तारा नाहींत तेथें डिझेलचें. आमचा आग्रह यंत्राचा नाहीं. गाडी लहान असावी व वारंवार असावी, हा आहे.

अकोला–पूर्णा मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला. वाशीम त्या मार्गावर आहे, हिंगोली आहे. ह्या रुंदीकरणानें दूरच्या गाड्या आल्या हें आम्ही नाकारीत नाहीं. पण जवळच्या प्रवाशाचें हित त्यामागें राहिलें. सोयाबीन आणि तूर ह्या गाडीनें जाणार नाहीं, ती ट्रकनेंच जाईल, हें व्यापारी बंधूंस आम्ही स्पष्टच सांगतों. मात्र बाजारास येणारें गिऱ्हाईक, दुकानावरचा नोकर आणि वसुलीस निघालेला मुनीम हे सर्व तिचेच उतारू होत.

म्हणून वाशीमच्या व्यापारी मंडळानें पुढील निवेदनांत मुंबईची गाडी दुसऱ्या कलमांत घालावी. पहिल्या कलमांत अकोला, वाशीम व हिंगोली यांच्या दरम्यान दर दोन तासांनीं, वाटेंतल्या प्रत्येक स्टेशनावर थांबणारी दोन-तीन डब्यांची गाडी मागावी. आणि तिची सकाळची पहिली वेळ, केनवड, रिसोड व मालेगांव येथून वाशीमास येणाऱ्या पहिल्या एस. टी. शीं जुळवून द्यावी. तें निवेदन तयार झाल्यास आम्ही तें ह्याच जागीं छापूं.