पार्लरमधलं 'काही झालं तर?' : दिव्यांग ग्राहकाचा हक्क आणि सुरक्षितता

व्हीलचेअरवरून आलेल्या बाईला किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला पार्लरमधून परत पाठवताना सहसा कोणी उद्धटपणे बोलत नाही. ''आमच्याकडे तशी सोय नाही, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?'' असं काळजीच्या सुरात सांगितलं जातं. घरचेही मान हलवतात आणि परत फिरतात. हे उत्तर कायद्यात कितपत बसतं आणि प्रत्यक्ष कामात त्यात किती तथ्य आहे, ते पाहू.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 नुसार दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. अपवाद एकच: ती कृती रास्त हेतूसाठी होती आणि त्या हेतूच्या मानाने प्रमाणात होती, हे दाखवता आलं पाहिजे. ग्राहकाला इजा होऊ नये हा रास्त हेतू आहेच. पण काय अडचण आहे हे न विचारता, दुसरा मार्ग न शोधता सरळ नकार देणं प्रमाणात बसतं, असं म्हणणं कठीण आहे. याच कायद्यात 'रिझनेबल अकोमोडेशन' ही संज्ञा आहे. मी तिला 'वाजवी सोय' म्हणते, कारण 'समायोजन' म्हटलं की ती कचेरीतच राहते. अर्थ साधा आहे: दुकानदारावर न झेपणारा बोजा न टाकता, त्या व्यक्तीपुरता करता येण्याजोगा बदल.

इथे अनेक लाभार्थ्यांचा एक गैरसमज होतो. पेन्शन आणि आरक्षणासाठी 40 टक्क्यांची अट असते, भेदभावाविरुद्धच्या हक्काला ती नाही. त्यामुळे केस कापून घ्यायला यूडीआयडी कार्ड दाखवावं लागत नाही.

आता पायरीबद्दल. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या नियमांमधला नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची मानकं त्या नियमामुळे नुसत्या सूचनांसारखी उरली होती. किमान मानकं बंधनकारक करा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं आणि त्यासाठी तीन महिने दिले. कायद्याचं कलम 46 सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे, म्हणून हा निकाल पार्लरच्या दारापर्यंत येतो. रॅम्पचं सर्वसाधारण प्रमाण एकास बारा: सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांचा उतार. छोट्या दुकानाला पक्का रॅम्प जमला नाही तरी कडेने घडी घालून ठेवायची मजबूत फळी जमू शकते.

पण दारातून आत आल्यावर खुर्चीत काय होतं, हा जास्त मोठा प्रश्न आहे. 2024 साली बळ्ळारीच्या एका तिशीतल्या गृहस्थाची मान सलूनमध्ये मसाज करताना झटक्यात फिरवली गेली. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन त्यांना पक्षाघात झाला. त्याआधी 2022 साली हैदराबादमध्ये एका महिलेला पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना असाच त्रास झाल्याचं एका मेंदूविकारतज्ज्ञाने जाहीरपणे सांगितलं होतं. या दोन्ही घटनांत धोका ग्राहकाच्या दिव्यांगत्वातून आला नाही, तो कामाच्या पद्धतीतून आला. मान मोडण्याची ही सवय कोणाच्याच बाबतीत नको. डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून त्यांच्या बाबतीत तर मुळीच नको.

बाकी बरीचशी काळजी आधी विचारण्यातूनच घेता येते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या व्यक्तीला किंवा कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीला हातापायाला चटका बसला तरी कळत नाही. म्हणून पेडिक्युअरचं पाणी आणि वॅक्स आधी पार्लरवालीने स्वतःच्या मनगटावर पाहावं. हिमोफिलियात वस्तऱ्याऐवजी ट्रिमर वापरावा. वॅक्सिंग आणि थ्रेडिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तीच्या त्वचेवर ब्लीच लावू नये. सेरेब्रल पाल्सीत अंगाला अचानक झटके येऊ शकतात, तिथे कात्री चालवताना एक हात डोक्यावर स्थिर ठेवावा आणि मध्ये मध्ये थांबावं. व्हीलचेअरचा ब्रेक लावल्याशिवाय काम सुरू करू नये आणि विचारल्याशिवाय कोणाला उचलू नये. बगलेत हात घालून ओढलं तर खांद्याला इजा होते. व्हीलचेअरवर बसूनच केस कापता येत असतील तर उचलायचं कशाला?

आमच्या म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, त्यामुळे कानामागे यंत्र लावलेली मुलं इथे अनोळखी नाहीत. केस धुण्याआधी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग पालकांनी काढून घ्यावा. मात्र यंत्र काढलं की मुलाला ऐकू येत नाही. म्हणून काय करणार आहोत ते आधी सांगावं, आरशात दाखवावं. अंध ग्राहकाला हात लावण्याआधी बोलून सांगावं. स्वमग्न मुलाला मशीनचा आवाज सोसत नसेल तर सकाळची गर्दी नसलेली वेळ द्यावी.

हे शिकवायचं कुठे? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत केशकर्तन आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. या दिवसांपैकी अर्धा दिवस तरी दिव्यांग ग्राहकासाठी राखून ठेवावा, असं मला वाटतं. तुम्ही प्रशिक्षणाला जाणार असाल तर प्रशिक्षकांना थेट विचारा. पार्लर चालवणाऱ्या बचत गटातल्या ताईंनीही कौशल्य विकास केंद्रात हेच विचारावं.

तुम्ही ग्राहक असाल तर आधी फोन करून पायरी, बेसिन आणि वेळ विचारून घ्या. ज्या औषधाचा किंवा दुखण्याचा कामाशी संबंध आहे तेवढंच सांगा, सगळी फाईल उघडायची गरज नाही. तरीही नकार मिळाला तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कर्नाटकाचं कार्यालय बंगळूरूत आहे, महाराष्ट्राचं पुण्यात. कायदा मोडल्यास कलम 89 नुसार पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. चारचौघांत मुद्दाम अपमान केला असेल तर कलम 92 लागू होतं आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. अर्जात तारीख, दुकानाचं नाव, तुम्ही कोणती सोय मागितली आणि काय उत्तर मिळालं, हे लिहा. एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि पोच घ्यायला विसरू नका.