वावरातील पंपालाही मोड हवेत

शहरातील यंत्रसज्ज घरांत हल्ली एक तजवीज रूढ होत आहे: ‘रात्र’, ‘परगावी’, ‘पाहुणे’ असे मोड घरधन्याने एकदा ठरवून ठेवावेत आणि त्यांतील एक निवडताच दिवे, पंखे, दरवाजे यांनी आपले वर्तन बदलावे. या तजविजेची निकड दिवाणखान्यापेक्षा यवतमाळ जिल्ह्यातील वावरात अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृषिपंपांची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, तर कधी रात्री मिळत आली. आणि ज्या राळेगाव-पांढरकवडा परिसरात २०१८ पर्यंत टी-१ वाघिणीची दहशत होती, तेथे गव्हाच्या ओलितासाठी मध्यरात्री विहिरीवर जाणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. म्हणून शेतकऱ्याने ऑटोस्विच बसविला, यात त्याचा कसूर कोणता?

परंतु या ऑटोस्विचला एकच आज्ञा ठाऊक आहे: लाइन आली की मोटार सुरू. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे साडेसात अँपिअर, तर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. १०० केव्हीए रोहित्राची क्षमता सुमारे १४० अँपिअरची असताना त्यावरील १५ पंप एकाच क्षणी सुटले, तर मागणी ५०० च्या पुढे जाते, दाब कोसळतो, मोटारी वेग न घेता तशाच तापत राहतात आणि अखेर रोहित्रच (डीपी) जळून सगळ्या शिवाराचे ओलीत खोळंबते.

ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. कपॅसिटरचा आग्रह सर्वथा योग्य आहे. मात्र पर्याय न देता ऑटोस्विच काढावयास लावणे म्हणजे माणसाला पुन्हा अंधारात धाडणे होय. त्याऐवजी स्टार्टरलाच मोड द्यावेत. ‘रात्र’ या मोडात प्रत्येक पंपाने निरनिराळा विलंब करून सुरू व्हावे; ‘परगावी’ असताना मुळीच सुरू होऊ नये; ‘ओलीत’ मोडात नेमलेले तास भरताच थांबावे.

सर्वांत महत्त्वाचा मोड ‘दुरुस्ती’चा. बाप विहिरीत उतरलेला असताना मुलाने गावातून मोबाइलवर मोटार सुरू करणे हा कल्पनेतील धोका नव्हे. म्हणून पेटीवरील हाताच्या खटक्याचा अंमल मोबाइलच्या हुकुमावर निरपवाद चालला पाहिजे, आणि त्या खटक्याने वीजप्रवाह प्रत्यक्ष तुटला पाहिजे. मोडांची नावे मराठीत असावीत, आणि जंगलकाठी रेंज नसली तरी यंत्रणेचे काम अडू नये.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळू लागली की हा प्रश्न मिटेल, असे काहींना वाटते. दिवसाच्या विजेने जिवाची भीती निश्चित टळेल, आणि ती मिळालीच पाहिजे. परंतु भर दुपारी खंडित झालेली लाइन परत आल्यावरही सारे पंप एकदमच सुटतात.

महावितरणने विलंबयुक्त स्टार्टरचे प्रमाण ठरवून द्यावे आणि शासनाने, निदान रबीपुरते तरी, त्यावर अनुदान जाहीर करावे.