किद्दूशच्या पेल्यात फ्रेंच वाइन

आमच्या न्यू जर्सीतल्या घरांत अलीकडे एक नवी रीत आली आहे. शब्बाथच्या संध्याकाळी नातवंडे कोशर दुकानातून फ्रान्सची लाल वाइन आणतात आणि पेला पुढे करून म्हणतात, "आजी घे, रेड वाइन हृदयाला चांगली असते." माझे भांडण वाइनशी नाही, या वाक्याशी आहे.

आधी चवीचे सांगते. ऱ्होन खोऱ्यातली ही लाल वाइन बहुधा एकाच द्राक्षाची नसते. ग्रनाश, सिरा, मुर्वेद्र अशा जातींचे ते मिश्रण. ग्रनाशचा स्वाद स्ट्रॉबेरीसारखा. सिराला काळ्या मिऱ्याचा वास येतो, कारण मिऱ्यातला वासाचा घटकच तिच्या सालीत असतो. मुर्वेद्रने रंग आणि तुरटपणा येतो. गोडी जवळजवळ नसते. काळ्या मनुकांच्या शरबतावर वाढलेल्या आपल्या जिभेला पहिला घोट कच्च्या सुपारीसारखा लागतो! हा तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते.

मटणातली प्रथिने आणि चरबी हा तुरटपणा झेलतात. म्हणून नारळाच्या दुधातले, बेताच्या मिरचीचे मटण असेल तर ही वाइन खरोखर छान लागते. मासळीबरोबर मात्र नको. वाइनमधले लोह आणि माशाचे तेल एकत्र आले की तोंडात उग्र वास राहतो, शिवाय मद्यार्काने तिखटाचा जाळ वाढतो. कोकम घातलेल्या पापलेटच्या कालवणाशेजारी साधे पाणीच शोभते. चिक-चा-हलव्यानंतर तर ती नुसती आंबट लागते.

आता हृदयाचे. १९९१ साली इथल्या दूरदर्शनवर 'सिक्स्टी मिनिट्स'ने फ्रेंच लोकांच्या हृदयाचे कोडे दाखवले, आणि लाल वाइनचा खप भराभर वाढला. ती समजूत अजून घरोघर टिकून आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की आरोग्याला सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मद्याचा संबंध किमान सात प्रकारच्या कर्करोगांशी असल्याचा इशारा दिला. औषध म्हणून वाइन पिण्याचे कारण आता उरलेले नाही.

आपल्या वयात आणखी एक गोष्ट घडते. शरीरातले पाणी कमी होते, त्यामुळे तोच पेला तरुणपणापेक्षा जास्त चढतो. झोपेची गोळी, रक्त पातळ करणारे औषध, इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे यांच्याबरोबर तर फार जपावे. रात्री न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, की पुढचे आपण सगळे जाणतोच.

इथे वाइनचा एक पेला म्हणजे पाच औंस, साधारण १५० मिलिलिटर, आणि तोही १२ टक्के मद्यार्काचा धरलेला. ऱ्होनच्या बाटलीवर कित्येकदा १४ टक्के किंवा जास्त असते. चष्मा लावून वाचा. किद्दूशच्या पेल्याचे एक प्रचलित माप ८६ मिलिलिटर आहे, आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक प्यायले तरी चालते. पेसाहचे चार पेले पूर्ण रिकामे केले तर ३४४ मिलिलिटर होतात, म्हणजे इथले दोन पेले भरून वर उरतात. तेवढे ऐंशीच्या माणसाने का प्यावे?

द्राक्षरसावर किद्दूश होतो. मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेले शरबत तर आपल्या आज्या कोकणात करीतच होत्या, तेव्हा कोशर वाइन मिळणार कुठून! मधुमेह असेल तर तिथेही हात आखडता ठेवावा. द्राक्षरसात १०० मिलिलिटरला साधारण १५ ग्रॅम साखर असते. पेला लहान घ्या. आणि सेदेरच्या आठवडाभर आधी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना विचारून ठेवा. सणाच्या रात्री त्यांचा फोन लागत नाही.