गोळीची निवड आणि समाजाचा हिशेब

अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत कायद्याने अपात्र न ठरलेल्या सज्ञान नागरिकाला परवान्यावाचून कपड्यांआड पिस्तूल बाळगता येते. २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनादत्त ठरविला. हक्कामागोमाग जबाबदारी येते. ती येथे एका क्षुल्लक भासणाऱ्या निवडीपाशी येऊन ठेपते. पिस्तुलात गोळी कोणती भरावी?

सलग धातूचे आवरण असलेली गोळी स्वस्त असते. नेमबाजीच्या सरावाला तीच वापरतात. परंतु ती शरीर भेदून पलीकडे जाऊ शकते आणि मागे उभ्या असलेल्या निरपराध्याचा जीव घेऊ शकते. टोकाला पोकळी असलेली गोळी शरीरात शिरताच फुलते आणि बहुधा तेथेच थांबते. म्हणून जाणकार स्वसंरक्षणासाठी ही महागडी गोळी सुचवितात आणि ती आपल्या पिस्तुलात अडकत नाही ना, हे आधी पारखून घेण्यास बजावतात.

या गोळीचा पूर्वज आपल्या परिचयाचा आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी फुलणारी गोळी तयार केली. १८९९ च्या हेग परिषदेने तिला युद्धात मनाई केली. रणांगणावर अमानुष ठरलेली वस्तू शहराच्या रस्त्यावर जबाबदारीची खूण ठरावी, हा विरोधाभास खरा. पण त्यात ढोंग नाही. हेगला चिंता होती शत्रुसैनिकाच्या अनाठायी यातनांची; रस्त्यावर चिंता असते ती तिऱ्हाइताची. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ साली पोकळ टोकाच्या गोळ्या स्वीकारल्या, त्या याच युक्तिवादावर. उलट न्यू जर्सीच्या कायद्याने त्या अंगावर बाळगण्यावर निर्बंध घातले.

नुसती फुलणारी गोळीही पुरेशी नसते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले. एका गुन्हेगाराला लागलेली गोळी फुलली, पण हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. त्यानंतरही तो गोळीबार करीत राहिला. पुढे एफबीआयने कसोटी ठरविली, ती अशी की गोळीने जिलेटिनमध्ये किमान १२ इंच शिरावे, १८ इंचांपलीकडे जाऊ नये. कमी शिरली तर वापरणारा धोक्यात, अधिक शिरली तर शेजारी.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे जिवंत उदाहरण होय. गोळीची किंमत विकत घेणारा मोजतो. चुकलेल्या गोळीची किंमत दुसराच मोजतो. विवेकी शस्त्रधारक योग्य निवड करून हा भार थोडा हलका करतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु नेम चुकला तर फुलणारी गोळीही भिंतीपलीकडे जाते. शिवाय २०२३ साली अमेरिकेत बंदुकांनी ४६,७२८ माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. तेथे गोळीच्या टोकाला पोकळी आहे की नाही, याला अर्थच उरत नाही.

सुरक्षितता ही मुळात सार्वजनिक वस्तू आहे. ती प्रत्येकाने आपापल्या खिशातून विकत घ्यावी असे ठरले, की एकाच्या शस्त्राने दुसऱ्याचे भय वाढते आणि त्या भयापोटी तोही शस्त्र घेतो. अशा समाजात उत्तम गोळी कोणती याचे उत्तर प्रयोगशाळा देऊ शकेल. ती खिशात बाळगण्याची गरज इतक्या लोकांना का भासावी, याचे उत्तर मात्र राज्यसंस्थेनेच दिले पाहिजे.