खाते काढण्यापूर्वी

दहावीची मुले शाळा सोडतात, तशी संगणक कक्षातील त्यांची खातीही काढली जातात. लिनक्समध्ये 'यूजरडेल -आर' ही एकच आज्ञा दिली की खात्याबरोबर होम डिरेक्टरी, म्हणजे विद्यार्थ्याचे तिथले घरही जाते. निबंध, प्रकल्प, चित्रे सारे काही. '-आर' वगळले तर घर राहते. पण लिनक्स फाइलीचा मालक नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतो. तोच क्रमांक पुढे नव्या मुलाला मिळाला, तर जुन्या फाइली त्याच्या मालकीच्या होतात.

म्हणून आम्हाला वाटते, निकालानंतर 'यूजरमॉड -एल'ने पासवर्डला कुलूप लावावे, कामाची प्रत विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, मगच खाते व घर दोन्ही काढावे. विश्वस्तांनी यासाठी 3 महिन्यांची मुदत ठरवावी. मुलांचे लेखन ही त्यांची मिळकत आहे. शाळा केवळ राखणदार.