बर्फातला मटार आणि ताटलीची खरवड

२०२४ च्या नाताळात माझ्या हातून एक धाडस झाले. त्याचा जमाखर्च आज मांडते.

माझ्या कचेरीतल्या मैत्रिणीचे घर वसईला, पश्चिमेच्या वाडीपट्ट्यात आहे. २५ डिसेंबरच्या दुपारी तिने आम्हां चौघींना घरच्यांसह जेवायला बोलावले. प्रत्येकीने एकेक पदार्थ करून न्यायचा ठरला. इंदियाल आणि फुगे तिच्या घरचे, पुलाव एकीचा, गोडाचे दुसरीकडे, तिसरीकडे कोशिंबीर आणि माझ्या वाट्याला आली भाजी. इंदियाल तिखट असते, म्हणून भाजी सौम्य हवी, एवढीच अट होती. लेक म्हणाली, "आई, ग्रॅटिन कर. बर्फातल्या भाज्यांची पाकिटे आण. सोलणे नाही, निवडणे नाही."

मी एकदम हो म्हटले नाही. शिजवलेला डबा दुसऱ्याच्या घरी नेताना आपल्या मनात एक जुनी धाकधूक असते. ती कसली हे तुम्हांला सांगायला नको. त्यात मैत्रिणीच्या वडिलांचा सगळा जन्म भाजी पिकवण्यात आणि पहाटेच्या गाडीने ती मुंबईत आणून विकण्यात गेलेला. त्या घरी मी पाकिटातली भाजी घेऊन जाणार! सासूबाईंनी तर निकालच दिला, "बर्फातली म्हणजे शिळी. शिळे कुणी पाहुणचाराला नेते का?"

आधी हे ग्रॅटिन काय ते सांगते. मोठ्या हॉटेलांच्या यादीत 'ऑ ग्रॅटिन' असे वाचले असेल, ते हेच. भाज्या दुधा-मैद्याच्या दाट पांढऱ्या सॉसमध्ये मिसळायच्या, वर चीज आणि पावाचा चुरा पसरायचा आणि भट्टीत वरचा थर तांबूस होईपर्यंत भाजायचे. पदार्थ फ्रान्सचा. तिकडच्या भाषेत या नावाचे मूळ खरवडणे या अर्थाच्या शब्दात आहे. भांड्याला धरलेला, खरवडून खायचा थर तो ग्रॅटिन. म्हणजे आपली खरवडच! लहानपणी आटवलेल्या दुधाच्या पातेल्याची खरवड कुणाला मिळणार यावरून आम्हां भावंडांत मारामाऱ्या होत. हे सांगितल्यावर सासूबाई थोड्या निवळल्या.

आता शिळेपणाचे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाचा अमेरिकन माणूस १९१२ नंतर काही वर्षे कॅनडाच्या लॅब्राडोर भागात होता. तिथल्या इन्युइट लोकांनी बर्फातून काढलेला मासा कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठतो, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिले. त्यातून त्याच्या ध्यानात आले की गोठवणे झटपट झाले पाहिजे. सावकाश गोठवले की बर्फाचे मोठे खडे होतात, ते आतल्या पेशी फोडतात आणि वितळल्यावर वस्तू लिबलिबीत होते. झटपट गोठवले तर खडे बारीक राहतात. त्याच्या पद्धतीने गोठवलेल्या वस्तू ६ मार्च १९३० रोजी अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत विक्रीला आल्या. आजही भाजी आधी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, म्हणजे तिचा रंग-चव बिघडवणारी द्रव्ये निकामी होतात. मग झटपट गोठवून उणे १८ अंशांवर ठेवतात. मटाराची शेंग तोडली की दाण्यातली साखर पिठूळ होऊ लागते. म्हणून तोडल्यावर काही तासांत गोठवलेला मटार दोन दिवस पाटीत पडलेल्या शेंगेपेक्षा गोड लागू शकतो.

२२ तारखेच्या रविवारी शेजारणीचा केकचा गोल ओव्हन आणून अर्ध्या मापाची रंगीत तालीम केली, आणि सपशेल फसली. पाकीट फोडून भाजी तशीच सॉसमध्ये घातली होती. आतले बर्फ वितळले, सॉस पातळ झाला आणि वरचा पावाचा चुरा त्यावर तरंगू लागला. यजमान म्हणाले, "रस्सा बरा झालाय." मुकाट्याने चपातीशी खाल्ला.

दुसऱ्या खेपेला जे साधले ते असे. गाजर, मटार, फरसबी आणि मक्याचे दाणे अशी मिश्र भाजी १ किलो घेतली. पसरट कढई चांगली तापवून भाजी बर्फासकट त्यात टाकली, झाकण ठेवले नाही, आच मोठी ठेवली. सुटलेले पाणी पूर्ण आटून भाजी चरचरू लागली तेव्हाच उतरवली. मीठ आधी घालू नका, पाणी आणखी सुटते. सॉससाठी ४ मोठे चमचे लोणी, त्यात ४ मोठे चमचे मैदा, रंग न बदलता परतला. कढई खाली उतरवून अर्धा लिटर गार दूध थोडे थोडे घालत घोटले, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पुन्हा आचेवर ठेवून दाट केले. मिरपूड आणि किंचित जायफळ घातले. चीजचे ४ क्यूब किसून निम्मे आत, निम्मे वर. दोन शिळ्या पावांचा चुरा थोड्या लोण्यात परतून सर्वांत वर. चीज खारट असते, तेव्हा मीठ चव बघून. हे सगळे २४ तारखेच्या रात्री कचेरीतून आल्यावर तासाभरात झाले. ताटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी विरार गाडीने नेली. मैत्रिणीच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर २५ मिनिटे भाजली. गार ताटलीला थोडा वेळ जास्त लागतो.

आता खर्च. भाजी २२० रुपये, दूध ३४, लोणी ३५, चीज ६५, पाव ६, एकूण ३६०. भाजी ताजी आणून घरी सोलली असती तर २२० च्या जागी ११०-१२० लागले असते, कारण डिसेंबरात मटार स्वस्त असतो. मी १ किलो शेंगा सोलून मोजल्या, दाणे ४५० ग्रॅम भरले. तेव्हा हिवाळ्यात पाकीट घेण्यात पैशांची बचत नाही, उलट शंभर रुपये जास्त. यजमानांनी ते बोलून दाखवले. मी म्हटले, ते शंभर रुपये माझ्या २४ तारखेच्या रात्रीचे आहेत. बी.कॉम.ला खतावणी शिकले, पण घरातल्या बाईची रात्र कुठल्या खात्यात लावायची ते कुणी शिकवले नाही. सण आला की कचेरीला सुट्टी असते, ओट्याला नसते. पावसाळ्यात मटार महाग होतो तेव्हा मात्र पाकीट पैशांनीही परवडू शकते.

एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या एका दाराच्या फ्रिजचा वरचा कप्पा बर्फ करतो, म्हणून तो उणे १८ अंश असेलच असे नाही. पाकिटे महिनोन्‌महिने साठवू नका. एकदा वितळलेली भाजी पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी शिजवा. दुकानातच पाकीट दाबून पाहा. दाणे सुटे वाजले तर ठीक; एकच ढेकूळ झाले असेल तर ते मध्येच कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले असण्याचा संभव आहे.

जेवायला बसलो. ताटली मधोमध, वरून छान तांबूस झालेली. मैत्रिणीच्या वडिलांनी चमचाभर घेतले आणि सावकाश चावले. माझा घास हातातच होता. मग म्हणाले, "मटार कुठला?" मी खरे ते सांगून टाकले. ते हसले नाहीत. म्हणाले, "मटार चांगला आहे. वाटाणा तोडला की त्याचं घड्याळ सुरू होतं, ह्यांनी ते वेळेवर थांबवलंय. पण फरसबी रबरासारखी झालीय, बाई. ती अशी थांबत नाही." अगदी खरे होते, मलाही तालमीतच तसे वाटले होते, पण मी कानाडोळा केला होता.

ताटली रिकामी झाली तेव्हा कडेला जळकट थर उरला होता. मैत्रिणीच्या दोन भाच्यांत त्यावरून झटापट सुरू झाली. काकांनी ताटली आपल्याकडे ओढली, चमच्याने कडा खरवडून दोघांना निम्मी निम्मी दिली आणि शेवटचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

निघताना त्यांनी ताटली रिकामी दिली नाही. वाडीतली वांगी आणि कोवळी फरसबी त्यात भरली. म्हणाले, "पुढच्या खेपेला मटार तुमचा, फरसबी माझी."

घरी आल्यावर सासूबाईंनी फडके उचलून पाहिले. "वांगी छान आहेत," म्हणाल्या, "पण खरवड कुठाय?"